वाढदिवसाची गोष्ट

हात वर करा जरा — हां, अस्सं. आणि पोट आत ओढू नका हो, शिलाईवालीपासून काय लपवायचं? ड्रेसची दोन्ही बाजूंची शिवण उसवून सैल करून देते. पहिलंच ना? चेहऱ्यावरच दिसतंय. घाबरू नका. म्हणजे घाबरण्यासारखं आहेच म्हणा — माझ्या लेकीच्या वेळी मी दोन दिवस तळमळत होते, डॉक्टरांनी हात टेकले होते, सासूबाई बाहेर हमसून हमसून रडत होत्या — सासरे गेले तेव्हाही डोळ्यांतून टिपूस न काढलेली बाई! लेकीच्या प्रत्येक वाढदिवसाला सांगायचे मी हे. केक कापला की पाहुणेच म्हणायचे, सांगा ना ती गोष्ट. आणि का नाही सांगायची? एरवी घरात माझं कोण ऐकत होतं? तेवढा वेळ सगळे गप्प बसून माझ्याकडे बघायचे. लेकही — माझ्या मांडीवर बसून, डोळे मोठ्ठे करून.

वळा जरा. तिलाही नववा लागलाय. नाही, माझ्याकडे नाही येणार बाळंतपणाला, दवाखान्यातही येऊ नकोस म्हणाली. जावई सांगतात, झोपत नाही, जेवत नाही, मी यातून वाचणार नाही म्हणते. म्हणून परवा गेले, पलंगावर तिच्याशेजारी बसले, म्हटलं, अगं, तसं काही नव्हतं — सकाळी गेले आणि दुपारच्या जेवणाआधी तू झालीस, नर्स म्हणाली सगळ्यांचं असंच होवो. तर बघत राहिली माझ्याकडे. म्हणाली, आई, मला धीर द्यायला खोटं बोलू नकोस. आता सासूबाईही नाहीत सांगायला. पोटच्या पोरीला शपथेवर सांगतेय मी, आणि तिनं कूस बदलून भिंतीकडे तोंड केलं — काय करायचं माणसानं?

अं? खरं काय ते? तुम्हीही तेच विचारताय. खरं म्हणजे — सकाळचंच खरं. पण दुसरं इतक्यांदा सांगितलंय ना, की परवा तिच्यासमोर बोलता बोलता हेच खोटं वाटायला लागलं मला. आवाजच लागेना नीट. तिला कळलं असणार ते.

अहो, रडताय कशाला? तुमचं कुठे मी काही — बसा, पाणी देते. नको? बरं. शुक्रवारी तयार असेल. घरातल्या कुणाला तरी पाठवा न्यायला. तुम्ही नका येऊ.