लाल दिवा लागला की

...आणि मला खुर्ची कुठे दिली, तर खांबामागे. गाण्याला पन्नास वर्षं झाली म्हणून सभा, हॉल गच्च, स्टेजवर आमचे भाऊजी गळ्यात हार घालून बसलेले, शेजारी माझी ताई, आणि ज्या तीन ओळींसाठी एवढी माणसं जमली त्या लिहिणारा मी खांबामागे मान वाकडी करून बसलोय.

तुम्हाला सांगतो, हे सायकेडेलिक रॉक नावाचं प्रकरण मला तेव्हाही कळलं नाही आणि आताही कळत नाही. गिटार अशी किंचाळते की कुणाचं तरी बोट दारात चेंगरलंय, गाणारा विहिरीत पडल्यासारखा लांबून ओरडतोय, शब्द एक ऐकू येईल तर शपथ. म्हणून रेकॉर्डच्या पाकिटात गाण्याचे शब्द छापून घालायचे. तो कागद आमच्या छापखान्यात छापला आणि तिथेच घोळ झाला.

मी तिथे जुळारी होतो. शिशाचं एकेक अक्षर उचलून ओळी जुळवायच्या, हे काम. त्या दिवशी टेबलावर दोन मजकूर... एक भाऊजींचं गाणं, तेव्हा ते भाऊजी नव्हते, नुसतेच केसाळ होते, आणि दुसरं गीझरबरोबर द्यायचं सूचनापत्रक. गीझरवाला म्हणाला, "मला काही लिहिता येत नाही बाबा, तूच लिही, लोक भाजले नाही पाहिजेत म्हणजे झालं." मी उभ्या उभ्या लिहिलं. दोन्हींची अक्षरं एकाच मापाची, जेवायची वेळ टळलेली, पोटात कावळे ओरडताहेत, उचलताना तीन ओळी इकडच्या तिकडे गेल्या. गाण्यात काय छापलं माहितीये? लाल दिवा लागला की हात लावू नका. आतलं पाणी शांत होईपर्यंत वाट पाहा. तरीही आवाज येत राहिला, तर ज्याच्याकडून आणलं त्याला परत द्या.

आणि लोक म्हणतात, काय खोल आहे हो.

भाऊजींच्या मूळ ओळी गीझरबरोबर घरोघर गेल्या. जांभळे घोडे, जांभळं आकाश, जांभळी तू. बिचाऱ्याला रंगच एक ठाऊक. एक बाई पत्रक घेऊन दुकानात आली, म्हणाली, घोडे कुठे बसवायचे ते चित्रात दिसत नाही.

रेकॉर्ड बाजारात आली त्या सकाळी भाऊजी छापखान्यात आले ते माझी गचांडी धरायला. संध्याकाळी पेपरात छापून आलं, असा कवी पिढीतून एकदाच होतो, आणि दुसऱ्या दिवशी स्वारी हसत हसत हजर. "तू गप्प, मी गप्प." त्या ओळी वाचून ताई त्यांच्यावर भाळली. गीझरच्या सूचनांवर माणूस पसंत केला हो तिने. आणि त्या माणसाने पुढे आयुष्यात दुसरी धड ओळ लिहिली नाही, नुसता तिच्यावर डाफरत राहिला.

सभेत एक संशोधक उठला, चष्मा कपाळावर, दोन भागांत ग्रंथ लिहिलाय म्हणे. "लाल दिवा म्हणजे वासना. आतलं पाणी म्हणजे चित्त. काहींच्या मते इथे नशेचा उल्लेख आहे, मी सहमत नाही." अरे, तू कशाला सहमत होतोयस? तिथे गरम पाण्याचा उल्लेख आहे! पण नाही. काय खोल आहे हो, काय खोल आहे.

मग माझं डोकं फिरलं. मध्यंतरात ताईला पडद्यामागे गाठलं आणि सगळं ओकलो. खोटं कशाला बोलू, मजा येत होती मला. म्हटलं, आता हिला कळेल नवरा केवढ्या लायकीचा आणि भाऊ केवढ्या.

ती हळूच म्हणाली, "माझं बाळ तीन दिवसांचं होऊन गेलं, तेव्हा मी काय पुटपुटत बसायचे, आठवतं?"

आठवत होतं. आठ महिने ती भिंतीकडे तोंड करून ओठ हलवत बसायची. मी कधी विचारलं नव्हतं.

"शेवटची ओळ म्हणायचे. ज्याच्याकडून आणलं त्याला परत द्या. तेवढ्यावर जगले मी. ह्यांच्यासोबत इतकी वर्षं काढली तीही तेवढ्यासाठीच, म्हटलं, ज्या माणसाला हे सुचलं तो आतून वाईट नसणार." डोळे कोरडे होते तिचे. "चल, माईक देते. सांग सगळ्यांना, ते गीझरचं होतं म्हणून."

इतकी वर्षं नाव हवं होतं ना मला? समोर आलं आणि हात पुढे होईना.

ताईने पदर सारखा केला, स्टेजच्या पायरीवर चढली, आणि वळून अगदी शांतपणे म्हणाली, "तुझ्या हातून आयुष्यात एकच चांगली गोष्ट झाली. आणि तीही चुकून."

जुळाऱ्याची सवय, मनातल्या मनात वाक्य दोनदा तपासलं. दुरुस्त करण्यासारखं काही सापडलं नाही.