दहावीची तोंडी आणि कांद्याचा पापुद्रा

हॅलो?… हो, बोल आकांक्षा… पोचलो ना. शाळेतच आहो, प्रॅक्टिकलच्या खोलीबाहेर… तुहा अमरावतीचा क्लास नाई का आज?… बरं, हळू बोल. इथं दहावीचे सारे पोट्टे-पोट्ट्या तुह्याहून लहान. एकीनं उठून मले जागा देल्ली. तिले वाटलं, कोनाची तरी माय आली.

आवाज? बराच आहे माहा आवाज…

नाई, ऐक ना. मी घरी चाल्लो. सांगतो, डोकं दुखलं म्हून… घाबरलो नाई… बरं, घाबरलो.

अवं, कालच्या सरावाचं तुले सांगतलंच नाई. सर म्हने, कांदा घ्या, आतला पापुद्रा काढा. सर वळून पाह्यते तं मी अख्खा कांदा चिरून मोकळी. बारीक… हास, हास. पोट्टे बी हासले. एक म्हने, काकू, मिरची देऊ का? हात थांबलाच नाई, माय.

मंग दुसरा घेतला. पापुद्रा काचपट्टीवर ठेवला, आयोडीनचा थेंब टाकला, अन् त्या सूक्ष्मदर्शकात डोळा लावला. काय सांगू… एकाले एक लागून खोल्या. विटा रचल्यासारख्या. अन् खोली-खोलीत एक ठिपका. अठरा वर्सं कांदे विकून राहिलो, आतून कांदा कालच पाह्यला.

हो हो, ठिपका म्हंजे केंद्रक… इचार ना मंग.

पेशीभित्तिका? बाहेरची भिंत. आकार देते, आधार देते. तिच्या आतून प्रद्रव्यपटल. कोनाले आत घ्याचं, कोनाले नाई, ते पाह्यते… आपल्या गल्लीच्या तोंडाशी बसनाऱ्या मनकर्णाबाईसारखं, हो. तसं लिहिन का मी पेपरात?

तंतुकणिका ऊर्जा बनवते. सारी पेशी तिच्या जिवावर, अन् तिले इचारत कोनी नाई… माहं नाई सांगून राहिलो, तंतुकणिकेचंच सांगून राहिलो.

रिक्तिका? साठवन. दुपारी पालक मान टाकते, पानी मारलं का उभा रायते, ते रिक्तिका भरते म्हून. तुह्या बाबाले सांगतलं तं म्हने, पालक आहे का माणूस.

कांद्याच्या पापुद्र्यात हरितलवक?… नसते. मातीखाली ऊन कुठचं? फसवून राहिली मायले?

येते मले सारं. येन्याची गोष्टच नाई ते.

तोंडी घ्याले कोन आली, मालूम आहे? ते रविवारची मॅडम… हो, तेच, एक-एक वांगं उलटून पाहनारी. खिडकीतून पाह्यली मी. आजवर मी भाव सांगो अन् ते घे. आता ते इचारन, अन् मी या पोट्ट्यायसमोर अडकन. मंग रविवारी तिच्या पिशवीत भाजी कोन्या तोंडानं टाकू?

नाई, निस्ती लाज नाई ते… नववीतून मले कोनी काढलं नवतं, आकांक्षा. गनिताच्या सरानं उभं केलं, उत्तर नाई आलं. दोन दिवस गेलोच नाई. मंग तिसऱ्या दिवशी जाचं अजून जड झालं. घरी सांगतलं, शिकाचं नाई मले. आता बी तसंच सांगीन, अन् सारे खरं मानतीन.



थांब. दार उघडलं. मॅडमच आहे… इकडंच येऊन राहिली. तू फोन ठेवू नको.

नमस्कार मॅडम… हो, मीच, भाजीवाली… नाई, कांदे द्याले नाई आलो…

परीक्षा द्याले आलो, मॅडम… दहावीची. बाहेरून बसलो, सतरा नंबरचा फॉर्म भरून… खरंच. शकुन किशोर निमकर्डे. यादीत पाहा, खाली असन… हो, तेच… आत्ता? पयला माहाच?… येतो.

आकांक्षा, ठेवतो… नाई, घरी नाई. आत… भेव? आहे ना. ते घेऊनच जातो.