बाईजाचा अर्ज

शहापूरच्या कचेरीत रांगेत माझ्यापुढे शेणव्याची बाईजा होती. तिचा चोरीला गेलेला बैल सापडून कचेरीच्या अंगणात बांधला होता. तो सोडवायला गोऱ्या साहेबाच्या नावे इंग्रजी अर्ज लागत होता. अर्जनवीस लिहायला बसला होता.

"सिमिलर लिहितो, बाई."

"म्हंजे काय, दादा?"

"तुमच्या बैलासारखा."

"सारखे बाजारात धा हायत."

"मग आयडेंटिकल. म्हणजे हुबेहूब."

"हुबेहूब तर चितारीबी काढील. तो नांगर वढल काय? माझा तोच लिवा."

"तोच म्हणजे सेम. त्याला पुरावा लागतो."

"मंग मी घरला निघते. तुमी बैलाकडं बघा."

फाटकाबाहेर जाऊन तिने एकदाच हाक मारली.

"बाई, थांबा. त्याने खुंटा उपटला."

"आता काय लिवता?"

"सेम."