मागच्या टेबलावर

नाही गं, हीरो कोण ते मला नको विचारूस — जो सगळ्यात जास्त वेळ रडतो तो असेल! बस ना, तुझा टीव्ही दुरुस्त होईपर्यंत इथेच बघ, समोरच्या दारातली तू, परकी थोडीच आहेस. फक्त मी मधेच थांबवते हं, मागे नेते, पुन्हा लावते — आमचे हे म्हणतात, सिनेमाचं पार वाटोळं करतेस. आता बघ, ही दोघं हॉटेलात भांडतायत. तू त्यांच्याकडे बघतेयस, हो ना? सगळेच बघतात. मी मागचं टेबल बघते. तो टकलू कधीचा रिकामाच चमचा तोंडात घालतोय, दिसला? बशीत काही नाहीच मुळी. मागच्यांना खायला देत नाहीत, नुसते ओठ हलवायचे, आवाज काढायचा नाही — आमची भिंगरी सांगायची. भिंगरी म्हणजे आमची मुलगी गं, एका जागी पाय ठरायचा नाही म्हणून बापाने ठेवलेलं नाव. सिनेमात होती. म्हणजे — अशी मागेच. बसमध्ये खिडकीशी, बाजारात पिशवी घेऊन, दवाखान्यात ट्रे नेणारी नर्स. आम्ही दोघं इथे बसून शोधायचो. "ती बघ, ती बघ, डावीकडे!" — हे असे ओरडायचे की खालच्या मजल्यावरचे वर यायचे, काय झालं म्हणून. गोष्ट राहायची बाजूला. कोण कुणाचा खून करतो, कुणाचं लग्न मोडतं, आम्हाला काही पत्ता नसायचा. एकदा तर वाक्य मिळालं तिला. "साहेब आत नाहीत." बस, एवढंच. मग काय, मी चहाला हाक मारली की आतून ह्यांचं उत्तर — "साहेब आत नाहीत!"

हस, हस. मीही हसायचे.

मग ती गेली. आजारपण — काही वय होतं का ते? अगदी शेवटी आमच्याकडे आली, तोवर कळूच दिलं नव्हतं तिने, फोनवर नुसती मस्करी. आणि गंमत म्हणजे — गंमत कसली मेली — ती गेल्यावरही तिचे सिनेमे येतच राहिले. आधी केलेलं काम, ते सावकाश बाहेर येतं ना. आम्हाला वाटायचं, येतेय अजून. एकात ती जिना चढत होती. हीरो वरून धावत खाली येतो, आणि ही चढतेय — चढता चढता कठडा धरते, कुशीवर हात ठेवते, थांबते. तेवढंच. कुणाच्या लक्षातसुद्धा येणार नाही. पण मला कळलं ना — तो अभिनय नव्हता गं. दुखत होतं तिला. तेव्हाच दुखत होतं, आणि ती कुणाला सांगत नव्हती, आणि तो शेजारून धाडधाड निघून गेला. हे उठले. आतल्या खोलीत गेले, ते पुन्हा कधी टीव्हीसमोर बसले नाहीत. सिनेमा संपला की आतून विचारतात तेवढं.

थांब, हा घोळका — जरा सरक, बाळ — नाही. दुसरीच कुणी. मान तशीच वळवली, पण दुसरीच.

कुठून येणार गं आता? कळतं मला. आले ते सगळे पाहून झाले, परत परत पाहून झाले. गेल्या वर्षापासून एकातही नाही. तरी लावते रोज दुपारी एक — कुठे पडून राहिलेला असेल एखादा, धूळ खात. संपला वाटतं. नावं यायला लागली. तिचं नाव ह्यात कधीच नसायचं, तरी मी शेवटपर्यंत —

काय म्हणालात? — हो हो, होती! होती की! बागेत, बाकावर बसली होती. निळा स्वेटर, केस मोकळे. — छे हो, चांगली अंगाने भरली होती. शेजारच्या बाईशी बोलत होती, हसत होती नुसती. — नाही, नाही, कुठे दुखत-बिखत नव्हतं. बघितलं ना मी नीट, दोनदा मागे नेऊन बघितलं.

तू काही बोलू नकोस. आणि माझ्याकडे असं बघूही नकोस.

आता झोप लागेल त्यांना थोडा वेळ. जा तू. दार हळू ओढ.