उरल्या कापडाचा स्कर्ट

थेरगावच्या बसमध्ये पुढच्या बाकावर जाईबाई आपल्या निवृत्त फिटर नवऱ्याला, धोंडीबांना, झापू लागल्या. मागच्या बाकावर बसलेल्या दौलतरावांनी मोबाइलमध्ये डोकं घातलं आणि कान मोकळे ठेवले.

"कंपनीच्या युनिफॉर्मच्या उरल्या कापडाचा स्कर्ट नातीला शिवलात, कौतुक हाय. पण कमरेला इलास्टिक का न्हाई?"

"ढिलं काम आपल्याला जमत न्हाई. कंबर मोजून हूक लावला. एक सूत इकडंतिकडं न्हाई."

"मोजली कधी? जेवायच्या आधी!"

"मग? हूक तुटला?"

"तुटंल कसा? पोरगी कालपास्नं अर्धी चपाती खाऊन उठतीय. म्हणती, आजोबांचा स्कर्ट बिघडंल."

धोंडीबा बाकावरून उठले.

"ऊठ. डांगे चौक आला."

"अवं, आपल्याला पुढं उतरायचंय."

"आधी इलास्टिक घेऊ. चांगलं ढिलं बसंल असं."