थेंब तळाला गेला

माझं माहेर देगलूरकडचं, निम्मं तेलंगी बोलनारं गाव, आन दिलं मला इकडं मुरुडाजवळ, तवा दोनीकडं राज्य निजामाचं. घर शेतीवालं, खाऊनपिऊन सुखी. काय सांगू तुमाला, मी काय पयल्यापासून अशी काटकुळी न्हवते, मोटंला बैल जुपत व्हते मी. पन नाथा झाला, माझा लेक, आन त्या बाळंतपनात पोटानं जे धरलं ते लेकरू चालाया लागलं तरी सुटंना. खाल्लं की पळायचं, खाल्लं की पळायचं, अंगावर मास म्हनून राहिलं न्हाई. संग्रहनी म्हनायचे त्याला. वरून बारीक ताप, पायाला सूज.

मग आत्याबाईनं, म्हंजे माझ्या सासूनं, वैदबुवाला बोलावलं. लई नाव त्याचं. दवा मागून द्यायचा, आधी मानूस जगतं का मरतं ते सांगायचा, मरनाऱ्याला दवा देऊन नाव कशाला खराब करा! सकाळचं पयलं लघवीचं पानी मातीच्या परळात धराया लावलं, परळ उन्हाला ठेवला, आन गवताच्या काडीनं त्याच्यावर तिळाच्या तेलाचा थेंब सोडला. पसरला तर बरं होतंय, जागीच थांबला तर अवघड, बुडाला तर न्हाई. सगळं घर वाकून त्या परळात बघून राहिलं व्हतं, माझ्याकडं कुनी बघंना. बुडाला म्हने. तेल पान्यात बुडतं का हो? पन तवा कोन इचारनार. मग नाडी धरली, म्हनला, संग्रहनी, ताप आन सूज तिन्ही एका जागी आले, हिला संक्रांत दिसायची न्हाई, ताकावर ठेवा, भाकर बंद. माझ्या म्होरंच बोलला, जशी मी तिथं न्हाईच.

आता आमच्याकडं एक समज, मरत्या बाईचा जीव लेकरात अडकतो आन जाताना ती लेकरू संगं घेऊन जाते. म्हनून नाथाला माझ्यापासून तोडला. मला गोठ्याकडच्या खोलीत टाकलं, आन मालकाचं दुसरं लगीन लावलं, राधा आनली, मी जिती असताना. आत्याबाई पोराला शिकवायच्या, ही तुझी माय, राधा. आन ती खोलीतली? ती कोनी न्हाई. पोरगं दाराशी येऊन रडायचं आन मी भिताडाकडं तोंड करायची, लेकरू जगू दे म्हनून. पोटाच्या कळा बऱ्या व्हत्या, ते रडनं वाईट.

संक्रांत आली. बाया वान घेऊन राधेकडं चालल्या, माझ्या दाराम्होरून, एक बी आत वळली न्हाई, आन मी तिथं बसून ताक पिऊन राहिले व्हते. मग शिमगा झाला, पाडवा झाला, पोटात अन्न ठराया लागलं, कशानं ते देवाला ठावं. वैदबुवा आला तर मालकानं त्याला नारळ आन धोतर दिलं, तो म्हनला बघा माझ्या ताकाचा गुन. मेले असते तर भाकीत खरं, जगले तर दवा खरी. त्याचं काय जानार व्हतं!

मी म्हनलं, आत्याबाई, आता माझं लेकरू द्या. तर म्हनल्या, वैदबुवाचा शब्द हाय, आज न्हाई उद्या, कशाला पुन्हा पोराला ओढ लावतीस. असं करता करता सालं गेली, रोज मी उद्या मरनार. आन राधा लई चांगली व्हती हो, हेच तर वाईट. माझ्या नाथाला जीव लावला तिनं. कजाग असती तर झिंज्या धरून भांडले असते, चांगल्या बाईशी काय भांडायचं?

मग रझाकाराची धामधूम सुरू झाली. गाड्या जुपून आमी हद्दीपलीकडं गेलो, तिथं पटकी पसरली, आन धडधाकट राधा हागवनीनं एका दिवसात गेली. नाथा तवा कळता झाला व्हता. मी त्याला पोटाशी घ्याया गेले तर त्यानं माझा हात झटकला, म्हनला, मरायची तर तू व्हतीस, माझी माय काऊन मेली? लेकराला घरानं जे सांगितलं तेच त्यानं म्हनलं.

आता आत्याबाई गेल्या, मालक गेले, नाथाला नातवंडं झाली. वाईट वागत न्हाई तो, वेळेला भाकर देतो, दवाखान्यात नेतो, पन मला मोठीमाय म्हनतो, जसं चुलतीला म्हनावं तसं. भादव्यातल्या पित्तरपाटात राधेचं पान असतं, सैपाक माझ्या हातचा, आन तो हात जोडून म्हनतो, माय, जेवून जा. मी चुलीम्होरून ऐकते. दर साली वाटतं आवंदा तरी कानाला सवय व्हईल, व्हत न्हाई.

असू द्या. सुखी राहू दे त्याला. तुमी लिहून घेऊन राहिलात तर एवढं बी लिहा, कुनी तुमचं मरन सांगाया बसलं तर खुशाल सांगू द्या त्याला, पन तवर लेकरू मांडीवरून उतरू देऊ नका.