शहाजादीच्या संध्याकाळी

— बसा, लालबी, उभ्यानं बोलण्यासारखा हा विषय नाही. तुमच्या शहाजादीनं तुम्हाला पुढं घातलंय, हे मी ओळखलं. दहावीची पोर, पुढं नर्सिंगला जायचं म्हणते, आणि आता संध्याकाळी औषधांच्या दुकानात बसणार — म्हणजे आमच्या मंडळातर्फे इस्पितळात रुग्णांची पत्रं लिहून देते, ते सोडणार. का? तर तिथं पगार आहे. — पगार वाईट, असं मी म्हटलं का? मी एवढंच विचारते, सेवेनं माणूस घडतं, तसं बाटल्या पुसून घडेल का? मागच्या महिन्यात एक म्हातारी कानडीशिवाय बोलेना. तुमच्या माहेरची भाषा पोरीच्या कामी आली, दुखणं डॉक्टरांच्या आधी तिला समजलं. हे कुठलं दुकान शिकवतं? नर्सिंगच्या प्रवेशाला माझी शिफारसचिठ्ठी तिला मिळणारच आहे. — काय म्हणाली? ‘शांतादेवींच्या चिठ्ठीला तिथं कोण इचारतंय’ — अस्सं म्हणाली? फटकळ आहे. खोटारडी मात्र नाही.

चिठ्ठीला वजन असतं हो. असायला हवं. मी मॅट्रिक झाले, तेव्हा मुलींची शाळा मला नोकरी देत होती — वडील म्हणाले, शिकवायचं तर शिकव, पगाराला हात लावायचा नाही, घराला शोभत नाही. शिकवलं. एकोणीस वर्षं, एक दिवस उशीर नाही. यजमान गेले, पोटासाठी दुसरीकडे अर्ज केला, तर अनुभवाचा दाखला मागितला. आणायला गेले — नवे हेडमास्तर हजेरीपट चाळतायत, चाळतायत, माझं नाव कुठंच नाही. पगार नाही म्हणून हजेरीपटावर सही नाही, सही नाही म्हणून मी तिथं नव्हतेच. माझ्याच हाताखाली शिकलेली मास्तरीण शेजारी होती. म्हणाली, बाई होत्या की. ते म्हणाले, तोंडी चालत नाही. — हे तुम्हाला सांगायचं नव्हतं. पाणी नको, राहू द्या.

आणि तरी इतकी वर्षं मी मुलींना सांगत आले, सेवा करा, पुढं उपयोग होईल — कुणाला झाला, ते विचारू नका.

तिला सांगा, आजपासून पत्रं लिहायला येऊ नकोस. आणि दुकानदाराकडून नेमणुकीचं पत्र घ्यायचं, तारीख-सहीसकट, लाजायचं नाही. — रागावून नाही म्हणत. — उठा आता. मला इस्पितळात जायचंय, तिथं माणसं पोस्टकार्डं घेऊन वाट बघत असतील.